जेवणघराच्या दारातली पायरी

सोमवार, ३ मार्च

मुलीनं बांधलेल्या इमारतीत आज मुक्कामाला आलो. राहायला नाही, तपासायला. हे आधीच लिहून ठेवतो, कारण सामान उतरवून घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "आता इथं छान करमेल हं काका," आणि मी दमलो होतो म्हणून त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

घर म्हाताऱ्या माणसांचं आहे. ज्यांचं मन थकलंय, ज्यांना विसरायला होतं, जी एकटी पडून गप्प झालीत अशांचं. नकाशा आमच्या भिंगरीचा. लहानपणी एका जागी बूड टेकायची नाही म्हणून भिंगरी. आता चांगली नावाजलेली वास्तुविशारद आहे, पण माझ्या तोंडात तेच नाव बसलंय. महिन्याअखेरीस संस्थेचे विश्वस्त पाहणीला येणार. त्यांना पटलं तर अशीच आणखी घरं बांधायची, तिच्याच हातून. नाही पटलं तर पुढची घरं नेहमीच्या साच्यातली. मधे लांबलचक बोळ, दोन्ही अंगांना खोल्या आणि टोकाला कुलूप.

मागच्या आठवड्यात ती येऊन माझ्या पलंगावर बसली. म्हणाली, "बाबा, जन्मभर लोकांच्या इमारतींत खुसपटं काढलीत. आता माझ्या इमारतीत काढा. पण एक दिवस फिरून चालणार नाही, तिथं राहावं लागेल."

मी उभी नोकरी बांधकाम तपासनीस म्हणून केली. ठेकेदार मला माघारी खुसपटराव म्हणायचे आणि तोंडावर म्हणाले असते तरी मला चाललं असतं. मुलीनं आपल्या कामासाठी बापाला हाक मारावी, याहून मोठा मान कुठला? अंगावर मूठभर मांस चढलं. लगेच हो म्हणालो. मुलगा आणि सून जरा जास्तच पटकन खूश झाले, तेवढं खटकलं.

आमची ही गेल्यापासून मी कशालाच हो म्हटलं नव्हतं.

मंगळवार, ४ मार्च

पहिल्याच दिवशी दोष सापडले. स्वयंपाकघर उघडं आहे, जेवणघराला आणि बसायच्या जागेला लागून. वास राहत्या जागेत येता कामा नये हे कुणीही सांगेल. सकाळपासून कांदा परतल्याचा वास थेट माझ्या उशाशी. नोंद केली. जेवण बरं होतं, दोनदा वाढून घेतलं. घरी मला भूकच लागायची नाही. हवापालट झाला, दुसरं काय.

पलंगावर पडलं की समोर संडासाचं दार दिसतं. हा काय प्रकार? भिंगरीला फोन लावला. म्हणाली, "मुद्दाम ठेवलंय बाबा. डोळ्यांसमोर असलं की आठवतं."

"ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी ठीक आहे. मला कशाला?"

"आता तुमची खोली तेवढी वेगळी कशी बांधू?" म्हणाली. लहानपणापासून वाद घालण्यात माझ्यावर गेलीय.

तिसरी गोष्ट मात्र तिला फोनवर बोललो नाही. जेवणघराच्या दारात पायरी आहे. आत शिरताना खाली उतरावं लागतं, चांगलं वीतभर. काठ्या टेकणाऱ्या माणसांच्या घरात, रोज तीनदा जायच्या दारात पायरी! चौकट घट्ट धरून उतरलो. आधी खात्री आणि मग बोभाटा, हा माझा जुना शिरस्ता आहे. पोटच्या पोरीच्या बाबतीत तर पाळायलाच हवा.

शुक्रवार, ७ मार्च

पोरीनं डोकं चालवलंय, हे मान्य करायला हवं. इथला व्हरांडा चौकाभोवती फिरून जिथून निघाला तिथंच येऊन मिळतो. कुठं भिंत आडवी येत नाही, कुठं बंद दार लागत नाही. शेजारच्या खोलीत एक मास्तरीणबाई आहेत, भूगोल शिकवायच्या. दिवस कलला की हातात पर्स घेऊन घरी जायला निघतात. आधीच्या ठिकाणी म्हणे कुलूपबंद दारावर मुठी आपटत बसायच्या, मग गोळी देऊन झोपवायचे. इथं निघतात, वाटेत खिडकी येते, बाक येतो, कुणीतरी "बसा ना" म्हणतं, आणि फिरून आपल्याच दाराशी पोचल्या की "आलं बाई घर" म्हणून आत जातात. आज हे पाहिलं आणि पाहतच राहिलो. माझ्या भिंगरीनं एका भिंतीच्या वळणानं जे केलं ते गोळ्यांना जमलं नव्हतं.

व्हरांड्याची तपासणी म्हणून मी बाईंच्या बरोबरीनं फिरतो. त्यांनी विचारलं, "आपण काय करता?" म्हटलं, तपासनीस आहे. "मग एवढा गठ्ठा तपासून द्या," म्हणून त्यांनी पर्समधला रुमाल माझ्या हातात दिला. मी सगळ्यांना पास केलं.

एक दोष. सगळ्या खोल्यांची दारं वेगवेगळ्या रंगांची, आणि दाराशेजारी कोनाड्यात ज्याची त्याची एखादी वस्तू. माझ्या कोनाड्यात भिंतीचा सरळपणा बघायचा माझा जुना ओळंबा आहे, आता शोभेचा. काल कोनाडे पुसायला ताईंनी वस्तू काढून ठेवल्या होत्या, तर मी दोनदा भलत्याच खोलीत शिरलो. पाट्या मोठ्या हव्यात. नोंद केली.

रविवार, ९ मार्च

मुलगा येऊन गेला. सारखं एकच पालुपद, "इथं गॅसची काळजी नाही." एकदाच तर राहिला होता चालू. दोनदा असेल फार तर. मी म्हटलं, महिन्याअखेरीस काम संपलं की न्यायला ये. तो चौकातल्या झाडाकडे बघत म्हणाला, "बघू बाबा."

बघू काय बघू? याला लहानपणापासून हो किंवा नाही म्हणायचं जड जातं.

बुधवार, १२ मार्च

(वर आधी मंगळवार लिहिलं होतं. ताई म्हणाल्या बुधवार आहे.)

इथं मनाच्या डॉक्टरबाई येतात. आठवड्यातून एकदा खास माझ्याकडे बसतात. इमारतीबद्दल माझं मत घेतात, बाकी कुणाला एवढं विचारत नसाव्यात. आज म्हणाल्या, "खोलीतला उजेड कसा वाटतो? सकाळी उठावंसं वाटतं?"

प्रश्न मुद्द्याचा होता. खिडकी नेहमीपेक्षा खाली घेतलीय, पडल्यापडल्या चौक दिसतो, आणि सकाळचं ऊन थेट अंगावर येतं. मी सांगितलं की या उन्हात लोळत पडणं शक्यच नाही, माणूस उठतोच. मग सांगितलं की घरी मी पडदे ओढूनच ठेवायचो, दिवस आहे की रात्र कळू नये म्हणून. हिच्या बाजूची उशी कुणाला उचलू द्यायचो नाही. एकदा तीन दिवस आंघोळ केली नव्हती. हे कशाला सांगत बसलो कुणास ठाऊक, इमारतीशी काय संबंध? पण बाईंनी सगळं लिहून घेतलं. तपशिलाची कदर असणारी माणसं हल्ली कमी.

शनिवार, १५ मार्च

पायरीवर पाळत ठेवून बसलो. माझं बरोबर आहे. मास्तरीणबाई जेवणघराच्या दाराशी येऊन थबकतात, चौकट धरतात, खाली बघतात आणि गटार ओलांडावं तशी ढांग टाकतात. कोपऱ्यातल्या खोलीतले बँडवाले, आयुष्यभर वरातीत तुतारी वाजवलेला माणूस, ते तर दाराशी येऊन परत फिरतात. त्यांचं ताट बाहेर बाकावर येतं. सगळे म्हणतात, त्यांना माणसांत बसायला नको असतं. मी विचारलं, तर खुणेनं जवळ बोलावून कानात म्हणाले, "पडलो तर कोण उचलणार?"

नवल एवढंच की ताई आणि आचारी दोन्ही हातांत ताटं घेऊन खाली न बघता ये-जा करतात. सवयीनं होत असेल.

भिंगरीला सांगायला हवं. दोन आठवड्यांनी विश्वस्त येतील आणि त्यातला एखादा तिथंच आपटेल. पण आधी माप.

सोमवार, १७ मार्च

दुपारी सगळे पडले होते तेव्हा टेप घेऊन दाराशी गेलो. काळ्या दगडाची पट्टी आहे दारात, तिथंच पायरी खाली जाते. टेप सोडला तर माप काही येईना. पातं लगेच टेकतं. टेप बिघडला म्हणून बाजूला ठेवला. डागडुजी करणाऱ्या माणसाकडून पातळी बघायची पाणसळ मागून आणली आणि पट्टीवर आडवी ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधे.

मग गुडघ्यांवर बसलो आणि हात फिरवला.

सपाट. बाहेरची फरशी, काळी पट्टी, आतली फरशी, सगळं एका पातळीत. सांधा नखालासुद्धा लागत नाही, इतकं सफाईचं काम. हात उचलला की परत खड्डा. ठेवला की सपाट. किती वेळ हे करत होतो माहीत नाही. ताई आल्या, म्हणाल्या, "काका, काय हरवलं?"

"काही नाही," म्हटलं. त्यांनी हात देऊन उठवलं आणि त्या पट्टीवरून पलीकडे गेल्या, सरळ, सहज.

पायरी दिसते ती मास्तरीणबाईंना, बँडवाल्यांना आणि मला. जे संध्याकाळी आपापल्या घरी जातात त्यांना दिसत नाही.

बुधवार, १९ मार्च

जेवायला गेलो नाही. ताट खोलीत आलं, तसंच परत पाठवलं. डॉक्टरबाई आल्या, भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. त्या खुर्ची ओढून बसल्या, मग गेल्या.

पोरीनं मला शेंडी लावली. सगळ्यांनी मिळून लावली. त्या डॉक्टरबाईंनीही.

गुरुवार, २० मार्च

राग येतो, पण रागात दम नाही. कारण पायरी अजून तिथंच आहे.

सांगितलं तर मीही मास्तरीणबाई-बँडवाल्यांतलाच एक. नाही सांगितलं तर मी कसला खुसपटराव? ठेकेदारांनी पाकिटं पुढे केली तेव्हा मी दोष दाबला नाही, साहेबांचे फोन आले तेव्हा दाबला नाही. आता स्वतःची अब्रू झाकायला दाबायचा? आणि तोही तिच्या इमारतीतला? बँडवाले आजही बाहेर एकटे जेवले. खिडकीतून बघत होतो. घास हातात धरून आतल्या माणसांकडे बघत होते. माणसांत बसायला नको असलेला माणूस असा बघत नाही.

भिंगरीला फोन केला. ये म्हटलं.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळीच आली. मी आधी विचारून टाकलं, "मला तपासायला आणलंस की ठेवायला?"

वाटलं होतं टोलवेल. पण म्हणाली, "दोन्ही." मग रडायला लागली. "तुम्ही जेवत नव्हता बाबा. आई गेल्यावर तुम्ही पण चालला होता, माझ्या डोळ्यांदेखत. चला म्हटलं असतं तर आला असता? आणि दोष शोधा म्हटलं ते खोटं नव्हतं. तुमच्याएवढं कडक मला दुसरं कुणी माहीत नाही."

मी म्हटलं, "मग ऐक. जेवणघराच्या दारात पायरी आहे."

"नाहीये बाबा. तिथं सगळं..." म्हणता म्हणता थांबली. माझ्याकडे बघितलं. तो क्षण वाईट होता. काय बघतेय ते मला कळत होतं आणि मला कळतंय हे तिलाही. मी म्हटलं, "पायरी नाही हे मला ठाऊक आहे, पाणसळ लावून पाहिली. पण मला दिसते. मास्तरीणबाईंना दिसते. बँडवाले पंधरा दिवस तिच्यामुळे बाहेर जेवतायत. हे घर कुणासाठी बांधलंस?"

ती उठून दाराशी गेली. मी मागोमाग. फरशीवर बसली आणि त्या काळ्या पट्टीकडे बघत राहिली. म्हणाली, "मी हा उंबरा म्हणून घातला. तुम्ही नेहमी म्हणायचात ना, उंबऱ्याशिवाय दार म्हणजे भिंतीला पडलेलं भोक. उंच करता येत नव्हता, म्हणून सपाट दगडाचा केला. गडद पायपोस घालू नका, नजरेला खड्डा वाटतो, हे मी स्वतः वाचलंय, इथल्या लोकांना शिकवलंय. सगळे पायपोस काढायला लावले. पण याला मी उंबराच म्हणत आले, त्यामुळे ही काळी पट्टी आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

म्हणजे शब्द माझा आणि दगड तिचा. दोघांनी मिळून वीतभर खड्डा खणला होता.

"विश्वस्त येऊन गेले की काढू," असं ती म्हणेल, असं मला वाटलं. म्हटली असती तर दोष दिला नसता, ऐन वेळी फोडाफोडी कोण करतं? ती डोळे पुसून म्हणाली, "उद्या फोडते." माझी छाती अशी भरून आली की मला तिथल्या तिथं खोकला काढावा लागला.

शनिवार, २२ मार्च

दगड काढला. आवाजानं कुणी बिथरू नये म्हणून सगळ्यांना चौकाच्या पार पलीकडच्या अंगाला नेलं. बँडवाल्यांनी हातोड्याच्या ठोक्यावर ताल धरला. गवंडी जुन्या वळणाचा होता, "एवढा महागाचा दगड का काढताय?" म्हणून हळहळत होता. भिंगरी त्याला म्हणाली, "चुकला होता." एवढंच. कारण नाही, सारवासारव नाही. माझ्या नोकरीत एका तरी बांधणाऱ्याच्या तोंडून हे ऐकलं असतं तर मी त्याच्या घरी जाऊन चहा घेतला असता.

आता आतल्या-बाहेरच्या फरशीच्याच रंगाची फरशी आहे. दार ओळखू यावं म्हणून चौकटीला रंग दिलाय. खाली काही नाही.

सोमवार, २४ मार्च

सिमेंटचा मसाला सुकेपर्यंत काल दार बंद होतं. आज दुपारी उघडलं. भिंगरी आत एका टेबलाशी बसून बघत नसल्यासारखं करत होती. मास्तरीणबाई आल्या, सवयीनं थबकल्या, चौकट धरली, खाली बघितलं आणि बोलत बोलत आत आल्या. बँडवाले बाकावरच होते. बऱ्याच वेळानं उठले, दाराशी आले, चपलेचं टोक पुढं करून चाचपलं. मग आत येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मीठ द्या इकडे."

आचाऱ्यानं कढईवरचं झाकण बाजूला ठेवलं आणि तोंड वळवून डोळे पुसले. कांद्याचा दोष असेल.

मी सगळ्यांच्या आधी आत गेलो होतो. पायरी नव्हती. डोळ्यालासुद्धा नव्हती. जेवलो. भूक लागली होती, आणि ती हवापालटाची नव्हती हे आता लिहायला हरकत नाही.

सोमवार, ३१ मार्च

विश्वस्त आले. पाच जण, सगळे कडक इस्त्रीचे. भिंगरीनं सगळं दाखवलं आणि काळ्या पट्टीची गोष्टही आपणहून सांगितली, माझं नाव न घेता. एकानं लगेच धरलं. "म्हणजे तुमच्या नकाशात चूक होती. मग आणखी घरं तुमच्या हातून का बांधावीत?"

ती उत्तर देणार तेवढ्यात दुसऱ्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "आणि हे?"

भिंगरी पटकन म्हणाली, "माझे वडील. बांधकाम तपासनीस होते. काही दिवस पाहणीसाठी..." मला झाकत होती पोर. लहानपणी तिच्या हातून माझ्या चष्म्याची काच फुटली तेव्हा होती तशी घाई तिच्या आवाजात होती.

मी उठलो. म्हटलं, "पाहणीसाठी आलो होतो, खरं आहे. पण आता मी इथं राहतो. मला विसरायला होतं. बायको गेल्यावर जगायचं मन उरलं नव्हतं. ती पट्टी मला खड्डा दिसत होती. तुम्हाला कधी दिसली नसती, हिला दिसली नाही, तिथून रोज जाणाऱ्या कुणालाच दिसली नाही. आम्ही सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी हिनं फोडली. तुम्ही यायच्या आत, लपवायला वेळ होता तरी. मी जन्मभर इमारती तपासल्या साहेब. चूक नसलेली एकही पाहिली नाही. चूक ऐकून घेणारी बांधकाम करणारी बाई मात्र एकच पाहिली, आणि ती माझी मुलगी आहे."

एवढं लांब मी ही गेल्यापासून बोललो नव्हतो. मग बसलो. मास्तरीणबाई म्हणाल्या, "शाबास, पुढच्या वर्गात."

विश्वस्त चौकात जाऊन बराच वेळ बोलले. मग ज्यांनी चूक धरली होती तेच आले. म्हणाले, पुढची दोन घरं भिंगरीच्याच हातून, पण नकाशा पक्का करण्याआधी तो इथं राहणाऱ्यांसमोर ठेवायचा. मी म्हटलं, "खुसपटं फार निघतील हं." ते म्हणाले, "निघू द्या."

भिंगरी गाडीपर्यंत त्यांना पोचवायला गेली आणि परत येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. सगळ्यांसमोर. मी तिला म्हटलं, "मला तुझा अभिमान वाटतो." हे वाक्य तोंडातून काढायला इतकं अवघड का वाटत होतं, कळत नाही. काढलं तर काही झालं नाही. ती म्हणाली, "परत म्हणा." परत म्हटलं.

संध्याकाळी मुलाला फोन लावला. ठरल्याप्रमाणे न्यायला येऊ का, असं तोच चाचरत विचारत होता. म्हटलं, नको. रविवारी ये आणि तुझ्या आईचा फोटो घेऊन ये, बैठकीतला मोठा. खिळा आणि हातोडीही आण.

तो म्हणाला, "बाबा, तिथल्या भिंतीत खिळा ठोकायला परवानगी लागत असेल ना?"

"उभी नोकरी लोकांच्या परवानग्या तपासण्यात गेली माझी," मी म्हटलं. "स्वतःच्या घरात खिळा ठोकायला कसली परवानगी?"